एप्रिलातल्या पेटुनिया

“गप्प राहायचं,” रिक्षा फाटकाशी थांबायच्या आधीच मुकुंद मला म्हणाला. “झाडांबद्दल एक अक्षर काढायचं नाही. ते विचारतील तेवढं सांगायचं आणि हसायचं. थोडं तरी हसत जा, ताई.”

मुकुंद म्हणजे माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा ह्याला स्वतःच्या चड्डीची नाडी बांधता येत नव्हती, ती मी बांधत होते. आता तो मला हसायला शिकवत होता. कलियुग, दुसरं काय!

“हसण्यासारखं काही दिसलं तर हसेन,” मी म्हटलं.

“बघ! हे, हेच!” तो बायकोकडे वळला. “विशाखा, तू तरी सांग हिला.”

विशाखा पदरानं कपाळ टिपत बसली. माझी ही भावजय कधीच काही बोलत नसे. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून ‘हो ताई’, ‘बरं ताई’, ‘आणते ताई’ ह्यापलीकडे तिची गाडी गेली नव्हती. मनातल्या मनात मी तिचं नाव होयबा ठेवलं होतं. पण गप्प माणसं काही कमी नसतात. माझं लग्न ठरलं की गच्चीवरची माझी खोली तिच्या पोरांना मिळणार होती, आणि आदल्याच आठवड्यात तिला त्या खोलीच्या खिडकीला पडद्याचं माप घेताना मी पाहिलं होतं. होकार यायचा होता, पडदे आधीच तयार!

तर असे आम्ही तिघं सुधाकरराव पातूरकरांच्या फाटकात उतरलो. वीस-बावीस वर्षं झाली असतील ह्याला. एप्रिलचा महिना, अकोल्याचं ऊन, संध्याकाळचे पाच वाजले तरी डांबर चपलेला चिकटत होतं. समोर पश्चिमेकडे तोंड केलेला व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या कडेनं ओळीनं टांगलेल्या टोपल्या. जांभळ्या, पांढऱ्या, गुलाबी रेघांच्या पेटुनिया त्यांतून नुसत्या ओसंडत होत्या.

खरं सांगायचं तर मी नवरा बघायला आलेच नव्हते. मी पेटुनिया बघायला आले होते.

ज्याला झाडांतलं कळत नाही त्याला ह्यातली गोम कळायची नाही, म्हणून सांगते. पेटुनिया हे थंडीचं झाड. दिवाळीनंतर लावावं, शिमग्यापर्यंत बघावं आणि हात जोडावेत. मी माझ्या गच्चीवर काय काय करून पाहिलं होतं! कुंड्या विटांवर ठेवल्या, मातीवर पालापाचोळा पसरला, वर जुन्या साड्यांचं छत बांधलं, टांगत्या टोपल्या बादलीत बुडवून काढल्या. होळी पेटली की माझ्या पेटुनिया राम म्हणायच्या. मग मी आपली शहाण्या बाईसारखी झिनिया, चिनी गुलाब, बटनफुलं लावायची. ही झाडं दिसायला साधी, पण ऊन अंगावर घेऊन उभी राहतात. उन्हाळ्याचं रोप घेताना फूल बघायचं नसतं, बुंधा बघायचा असतो. फुलं बघून रोप घेणारी माणसं मला बावळट वाटतात, आणि नर्सरीत बघावं तर शंभरातली नव्वद तशीच.

आणि इथे, रोज सकाळची शाळा सुटून मी भर दुपारची घरी जाताना, ह्या बंगल्यात पेटुनिया फुललेल्या. मार्च संपला, एप्रिल लागला, कावळे चोची उघड्या टाकून बसायला लागले, तरी फुललेल्या! मी सायकल हळू करायची. मला वाटायचं, इथे कुणीतरी धीराचं माणूस राहतं. कुणीतरी रोज पहाटे उठून ह्या झाडांपाशी उभं राहतं, पानं उलटून बघतं, वाळलेलं फूल खुडतं. त्याशिवाय हे होणे नाही.

मला बघून गेलेले काही कमी नव्हते. एकानं माझा पगार विचारला आणि तो कळेपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. एकजण चिवडा खाता खाता दात कोरत म्हणाला, ‘बाईमाणसानं जास्त वाचू नये, डोळे खोल जातात.’ सगळ्यांना मी वाटेला लावलं होतं. पण मुकुंदनं हे स्थळ आणलं, बायको वारलेली, मूलबाळ नाही, पाटबंधारे खात्यात इंजिनियर, आणि बंगला कुठला ते सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदाच ‘नाही’ म्हटलं नाही. सदतीस वर्षांची होते. मला हा माणूस चांगला निघायला हवा होता. फार हवा होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मुकुंदला वाटत होतं की त्याच्याच बोलण्यानं मी ताळ्यावर आले.

“या या या!” सुधाकरराव बाहेर आले. केस काळेभोर रंगवलेले, फक्त कानामागचे रंगवायचे राहून गेलेले. “चपला तिकडे काढा, ही फरशी डाग धरते. थेट राजस्थानातून मागवली आहे.”

पुढचा अर्धा तास आम्ही बंगला ऐकला. हो, ऐकलाच. पाहू कुठे दिलं त्यांनी? फरशी कुठली, सागवान कुठलं, कूलर किती मोठा, वायरिंग कुणी केलं, त्या माणसाला ह्यांनी कसं झापलं. मुकुंद प्रत्येक वाक्याला ‘वा साहेब!’ म्हणत होता. तो बोळक्यात पाणी घालावं तसा भरत चालला होता. सुधाकररावांच्या आईंनी कैरीचं पन्हं आणलं आणि समोर बसून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग परत खालपासून वरपर्यंत.

“उंची तेवढीच आहे,” त्या म्हणाल्या.

कशाएवढी ते काही मला कळलं नाही. मला मुळात त्या खोलीतलं काहीच ऐकू येत नव्हतं, माझं लक्ष दारातून दिसणाऱ्या टोपल्यांकडे होतं. शेवटी मला राहवेना.

“पेटुनियांना पाणी कधी घालता?” मी विचारलं.

मुकुंदला ठसका लागला.

“दुपारी,” सुधाकरराव म्हणाले. “दोन-अडीचला. ऊन अगदी कडक झालं की गडी पाइप मारतो. तेवढाच गारवा त्यांना.”

भर दुपारी! तापलेल्या मातीत! माझ्या सातवीतल्या मुलींनाही कळतं की अशानं मुळं उकडून निघतात.

“आणि खत?”

“खत नको बुवा. वास येतो.”

“वाळलेली फुलं खुडता?”

“आपोआप गळतात की! मॅडम, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता का हो?”

“भूगोल,” मी म्हटलं.

“छान, छान. मुलांना बरं असतं.”

काय बरं असतं कोण जाणे. पण मी त्यातूनही अर्थ काढत होते. वाटलं, हा विनय असेल. जाणती माणसं आपली कला अशीच हसण्यावारी नेतात. मनात कुणाला जागा करून ठेवली की बाईमाणसाची अक्कल कशी गहाण पडते, ते मी त्या दिवशी स्वतःवरूनच पाहिलं. इतरांना बावळट म्हणत आयुष्य काढलं आणि मीच फुलं बघून बसले होते.

“जवळून बघू का?” मी उठलेच.

“बघा की! आमच्या साहेबांचं तेच एक वेड आहे,” आई म्हणाल्या. साहेब म्हणजे त्यांचा मुलगा. मुलाला साहेब म्हणणारी आई मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

आम्ही सगळे व्हरांड्यात आलो. पहिली टोपली माझ्या छातीच्या उंचीला होती. शितावरून भाताची परीक्षा, तशी मी बोटावरून कुंडीची करते. बोट मातीत घालायचं, पेरभर आत. ओल किती, माती भुसभुशीत की घट्ट, सगळं समजतं.

माझं बोट पेरभरही गेलं नाही. वर नावाला चिमूटभर माती, आणि खाली नखाला काहीतरी लागून चुरचुर वाजलं.

“अहो, हात लावू नका,” सुधाकरराव म्हणाले. “शोच्या आहेत त्या.”

मी माती बाजूला केली. काळ्या प्लास्टिकची कड वर आली. नर्सरीतून रोप ज्या पिशवीत येतं ती पिशवी. तिच्यासकट रोप टोपलीत ठेवलेलं, आणि वरून माती भुरभुरलेली.

“पिशवी काढायची राहिली आहे,” मी म्हटलं. अजूनही माझा जीव त्यांच्या बाजूनंच साक्ष देत होता.

सुधाकरराव हसले. इतक्या वेळात पहिल्यांदाच मनापासून हसले.

“राहिली नाही, मॅडम. तीच तर युक्ती आहे! नर्सरीवाल्याशी ठरवलंय मी. महिन्यातून दोनदा त्याची गाडी येते. बारा-पंधरा दिवसांत ही माना टाकतात. टाकली मान की पिशवी उचलायची, दुसरी ठेवायची. पण रंग तोच हवा, हे माझं पक्कं आहे. जांभळीच्या जागी जांभळी, पांढरीच्या जागी पांढरी. बघणाऱ्याला वाटतं, तेच झाड! अख्खी कॉलनी विचारते, पातूरकर, तुम्ही जगवता कसं हो?”

“कमाल आहे साहेब!” मुकुंद म्हणाला.

“डोकं लागतं,” साहेब म्हणाले.

मला असं झालं की त्या टोपलीतच तोंड खुपसावं. रोज दुपारी, उन्हातान्हात, मी सायकल हळू करून ह्या माणसाच्या धीराला मनातल्या मनात नमस्कार करत होते! आणि इथे धीर कसला नि काय कसलं, महिन्यातून दोनदा गाडी येत होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत.

“आणि मान टाकलेल्या कुठे जातात?” मी विचारलं.

“मागे. मोरीपलीकडे.”

मी मागे गेले. माझ्यामागून विशाखा आली, बहुधा मुकुंदनं मला आवरायला पाठवली असावी. मोरीपलीकडे भिंतीला लागून काळ्या पिशव्यांचा ढीग होता. काही फाटल्या होत्या, आतली मुळं जागा न मिळाल्यानं आपल्याभोवतीच गोल गोल फिरून पिशवीच्या आकाराची झाली होती. मी एक पिशवी उचलली. वरचं सगळं काडीकाडी, पण बुडाशी हिरवा फुटवा होता.

“ही जिवंत आहे,” मी विशाखाला म्हटलं. “छाटून सावलीत ठेवली असती, पिशवी काढून जरा मोकळ्या मातीत लावली असती, तर अजून महिनाभर आली असती. मेली नव्हती गं. फक्त दिसायला वाईट झाली होती.”

विशाखा त्या ढिगाकडे बघत राहिली. ‘हो ताई’सुद्धा म्हणाली नाही.

“एवढी उठाठेव कशाला?” सुधाकररावांचा आवाज आला, तेही मागे येऊन उभे होते. “नवी मिळते की.”

परत येताना मुकुंदनं मला जिन्याशी अडवलं. “ताई, तुझं तोंड बघ आरशात! कुंडीवरून माणूस मोडीत काढणार का तू? दारू नाही, विडी नाही, पेन्शनीची नोकरी आहे. आणखी काय हवंय? आज होकार देऊनच उठायचं.”

आणि तुम्हाला सांगते, त्याचं म्हणणं मला पटलं. पटायला लागलंच. सगळ्याच पुरुषांना कुठे झाडांतलं कळतं? पोकळ आहे, बढाईखोर आहे, असू दे. पिशव्या मी काढीन. टोपल्या पूर्वेच्या खिडकीत घेईन, चिनी गुलाब लावीन. माणसाचंही हळूहळू बघता येईल. घरी परत जाऊन त्या मापं घेतलेल्या खिडकीपाशी झोपायचं, आणि भावाच्या घरात उपरं म्हणून म्हातारं व्हायचं, त्यापेक्षा हे बरं. खोटं कशाला बोलू, मी होकार द्यायला तयार होऊन आत गेले.

आईंनी पंचांग काढूनच ठेवलं होतं.

“अक्षय्य तृतीयेला उरकून टाकू,” त्या म्हणाल्या. “घरच्या घरी. फार गाजावाजा नको. तांदळातलं नावही ठरलेलंच आहे, तेवढीच एक चर्चा कमी.”

आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. माहेरचं नाव तिथे संपतं.

“काय ठरलंय?” मी विचारलं.

“नलिनी.”

“वा, छान आहे,” मुकुंद म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं मान खाली घालून पन्ह्याचा रिकामा पेला उचलला.

नलिनी हे सुधाकररावांच्या वारलेल्या बायकोचं नाव होतं.

“अगं, बघ नं,” आई मला समजावू लागल्या, अगदी मायेनं. “गॅसचं कार्ड नलिनी, बँकेचं लॉकर नलिनी, फाटकावरची पाटी नलिनी. कॉलनीतल्या बायकांच्याही तोंडात बसलंय. आता हे सगळं बदलत कोण बसणार, सांग? तिचे ब्लाउजही होतील तुला. बाहीला थोडे उसवावे लागतील फक्त.”

“त्या कधी गेल्या?”

“दिवाळीत बाई. नेमक्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. केलेला सगळा फराळ तसाच राहिला.”

फराळाबद्दल त्या हळहळल्या. खरोखर हळहळल्या. मी सुधाकररावांकडे पाहिलं. वाटलं, हा माणूस आता तरी म्हणेल, आई, काहीतरीच काय! एवढं जरी म्हणाला असता तरी मी त्याच्या कुंड्या, फरशी, कूलर, सगळं पोटात घातलं असतं.

“तुम्हालाही असंच वाटतं?”

“सोय असते, मॅडम,” ते म्हणाले. “हाक मारताना माझ्या तोंडात तेच येणार. चुकून तिचं नाव आलं की तुम्ही रुसणार. त्यापेक्षा एकच असलेलं बरं. दोघांनाही त्रास नाही.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. रागानं नव्हे, राग नंतर आला. आधी किळस आली.

“साहेबांचं बरोबर आहे,” मुकुंद घाईघाईनं म्हणाला. “नाव तर बदलतंच गं ताई. काही ना काही ठेवणारच. विशाखाचं नाही का बदललं आपण? काय बिघडलं?”

विशाखानं मान वर केली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“बरं,” मी म्हटलं. “बदलायचं ते पुढे बदला. पण आत्ता माझं नाव काय आहे, तेवढं सांगा.”

सुधाकररावांनी डोळे मिचकावले. “म्हणजे?”

“माझं नाव. तासभर झाला, मी तुमच्या घरात बसले आहे. लग्न ठरवताय माझ्याशी. नाव सांगा.”

“असं काय करता… मुकुंदरावांच्या भगिनी…”

“ते नातं झालं. नाव.”

त्यांनी आईकडे पाहिलं. आई पेले गोळा करायला लागल्या. त्यांनी मुकुंदकडे पाहिलं, आणि माझा भाऊ, माझा पाठचा भाऊ, ओठांची हालचाल करून त्यांना नाव सुचवत होता! परीक्षेत कॉपी पुरवावी तसं. तेही बिचाऱ्यांना वाचता येईना.

“कागद दिला होता तुम्ही,” सुधाकरराव अर्धवट उठले. “आत कपाटात असेल. एक मिनिट हं, बघून सांगतो.”

“शरयू.”

आवाज कुणाचा ते मला आधी कळलंच नाही. विशाखा उभी राहिली होती. पर्स तिनं काखेला लावली होती.

“शरयू नाव आहे त्यांचं,” ती म्हणाली. “सोपं आहे. शरयू.”

“तू मधे बोलू नकोस,” मुकुंद गुरकावला. “खाली बस.”

“शरयूताई, चला,” विशाखा म्हणाली. मुकुंदकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.

आम्ही दोघी उठलो. चपला घालायला मातीनं भरलेल्या पायांनी त्या राजस्थानी फरशीवरून सरळ चालत गेलो, डाग पडले की नाही ते बघायला थांबलो नाही. मुकुंद आत ‘साहेब, गैरसमज’, ‘साहेब, मी समजावतो’ करत राहिला. मला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. भररस्त्यात, उन्हात, दोन्ही एकदमच चाललं होतं.

सुधाकरराव फाटकापर्यंत धावत आले. त्यांना अजूनही काही कळलं नव्हतं. खरंच सांगते, त्या माणसाच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता की दुःख नव्हतं, नुसती घाई होती.

“अहो, पण निरोप?” ते ओरडले. “तृतीया गाठायची आहे आम्हाला! कधी कळवता?”

माझ्या आधी विशाखाच वळली.

“तुमच्या त्या नर्सरीवाल्याला सांगा नं,” ती म्हणाली. “गाडी घेऊन येतोच तो. आणेल एखादी पिशवीत घालून.”